फोटोइलेक्ट्रिक गणितात ऊर्जेची एककं कशी बदलायची: ज्यूल, इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि किलोज्यूल प्रति मोल

अकरावीच्या रसायनशास्त्रात अणूच्या रचनेचा धडा सुरू झाला की फोटोइलेक्ट्रिक परिणामाची, म्हणजे प्रकाश पडला की धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात त्याची, गणितं येतात. सूत्र एका ओळीचं आहे:

फोटॉनची ऊर्जा = वर्क फंक्शन + इलेक्ट्रॉनची जास्तीत जास्त गतिज ऊर्जा

फोटॉन म्हणजे प्रकाशाचा एक कण आणि वर्क फंक्शन म्हणजे धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९२१ चं नोबेल त्याला मुख्यतः याच कामासाठी मिळालं. सूत्र मुलांना पाठ असतं, अर्थही कळलेला असतो. तरीही उत्तर चुकतं, आणि बहुतेक वेळा ते एककांपाशी चुकतं. प्रश्नात तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये देतात, वर्क फंक्शन इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये, उत्तर मागतात ज्यूलमध्ये. त्यात पेपर रसायनशास्त्राचा असला तर एखादा आकडा हमखास किलोज्यूल प्रति मोलमध्ये असतो. भौतिकशास्त्रातल्या याच गणितात मोल सहसा येत नाही. म्हणून भौतिकमध्ये ही गणितं सहज सोडवणारी मुलंही रसायनात अडखळतात.

आधी ‘कशामागे’ ते बघा

माझं ठाम मत असं आहे की ऊर्जेचा आकडा दिसला की त्याचं एकक बघण्याआधी ती ऊर्जा कशामागे दिली आहे ते बघावं. एका फोटॉनमागे (किंवा एका इलेक्ट्रॉनमागे), की एका मोलमागे? ज्यूलचं इलेक्ट्रॉन व्होल्ट करणं सोपं असतं, तिथे फार कोणी चुकत नाही. घोटाळा होतो तो एका बाजूला एका फोटॉनची ऊर्जा आणि दुसऱ्या बाजूला एका मोलची ऊर्जा ठेवून वजाबाकी केल्यामुळे.

इलेक्ट्रॉन व्होल्ट हे एकक जवळजवळ नेहमीच एका कणामागे असतं. किलोज्यूल प्रति मोल आणि किलोकॅलरी प्रति मोल यांत ‘प्रति मोल’ लिहिलेलंच असतं. गडबड ज्यूलची आहे, कारण ज्यूल दोन्हीकडे वापरतात. तिथे घातांकाकडे बघा. १०⁻¹⁹ च्या आसपासचा आकडा असेल तर तो एका कणाचा. लाखाच्या घरातला आकडा असेल, म्हणजे १.५ × १०⁵ ज्यूल वगैरे, तर तो एका मोलचा, मग प्रश्नात ‘प्रति मोल’ हे शब्द ओळीच्या शेवटी जाऊन पडलेले असोत.

या दोघांमध्ये ये-जा करायला ॲव्होगॅड्रो अंक, ६.०२२ × १०²³. मोलवरून कणाकडे जाताना भागायचं, कणावरून मोलकडे येताना गुणायचं. किलोज्यूल असेल तर भागण्याआधी त्याचे ज्यूल करायला विसरू नका. हजाराचा हा गुणाकार राहून जाणं, ही मोलच्या गणितातली नेहमीची चूक आहे.

हाताशी ठेवायचे आकडे

प्लांकचा स्थिरांक ६.६२६ × १०⁻³⁴ ज्यूल सेकंद. प्रकाशाचा वेग २.९९८ × १०⁸ मीटर प्रति सेकंद. एक इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणजे १.६०२ × १०⁻¹⁹ ज्यूल. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ९.१०९ × १०⁻³¹ किलोग्रॅम. मे २०१९ पासून प्लांकचा स्थिरांक, इलेक्ट्रॉनचा प्रभार आणि ॲव्होगॅड्रो अंक यांच्या किमती व्याख्येनेच निश्चित केलेल्या आहेत. त्यामुळे ज्यूल, इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि मोल यांना जोडणारे हे आकडे आता नवीन मोजमापाने बदलणार नाहीत.

यांच्यातूनच निघालेले आणखी तीन आकडे पाठ करावेत, फार वेळ वाचतो:

एका फोटॉनची ऊर्जा (इलेक्ट्रॉन व्होल्ट) = १२४० ÷ तरंगलांबी (नॅनोमीटर)

एक मोल फोटॉनची ऊर्जा (किलोज्यूल) = १,१९,६२७ ÷ तरंगलांबी (नॅनोमीटर)

१ इलेक्ट्रॉन व्होल्ट प्रति कण = ९६.४८५ किलोज्यूल प्रति मोल

तिसरा आकडा कुठून आला ते एकदा स्वतः करून बघा: १.६०२२ × १०⁻¹⁹ ला ६.०२२ × १०²³ ने गुणलं की साधारण ९६,४८५ ज्यूल येतात. इलेक्ट्रोकेमिस्ट्रीच्या धड्यात फॅराडे स्थिरांक म्हणून हाच ९६,४८५ भेटतो, कूलोंब प्रति मोल या एककात. तो योगायोग नाही, दोन्ही ठिकाणी एका इलेक्ट्रॉनचा प्रभार आणि ॲव्होगॅड्रो अंक यांचाच गुणाकार आहे. दोन धड्यांसाठी एकच आकडा लक्षात ठेवायचा.

बारावीच्या बोर्डाला लॉग टेबल चालतं, कॅल्क्युलेटर चालत नाही. नीट आणि जेईई मेनला तर लॉग टेबलही नसतं. म्हणून १२४० चे काही सोपे भाग डोक्यात असू द्या: १२४० नॅनोमीटर म्हणजे १ इलेक्ट्रॉन व्होल्ट, ६२० म्हणजे २, ३१० म्हणजे ४, २४८ म्हणजे ५. ४०० नॅनोमीटरला ३.१. मधला कुठलाही आकडा आला तरी उत्तर कोणत्या दोन टप्प्यांच्या मध्ये पडणार हे आधीच कळतं. मोलच्या बाजूला १,१९,६२७ ऐवजी १,२०,००० धरलं तरी फरक ०.३ टक्के इतकाच पडतो. ४०० नॅनोमीटरला ३०० किलोज्यूल प्रति मोल, तोंडी.

१२४०, १२४२ की १२३७.५?

वेगवेगळ्या पुस्तकांत आणि क्लासच्या नोट्समध्ये हा आकडा वेगवेगळा दिसतो आणि मुलं गोंधळतात. कारण साधं आहे. प्लांकचा स्थिरांक ६.६, वेग ३ आणि इलेक्ट्रॉनचा प्रभार १.६ घेतला तर १२३७.५ येतो. अँगस्ट्रॉममध्ये तोच १२,३७५. प्लांकचा स्थिरांक ६.६२६ घेऊन बाकीचे दोन ३ आणि १.६ च ठेवले तर १२४२. सगळे अचूक घेतले तर १२३९.८४, म्हणजे व्यवहारात १२४०.

बहुतेक गणितांत कुठलाही घेतला तरी चालतं. पण फोटॉनची ऊर्जा वर्क फंक्शनच्या अगदी जवळ असेल तर चालत नाही. वर्क फंक्शन २.३० इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि प्रकाश ५३० नॅनोमीटरचा, असं उदाहरण घ्या. १२३९.८४ ने फोटॉनची ऊर्जा २.३३९३ येते, गतिज ऊर्जा ०.०३९. १२४२ घेतला तर गतिज ऊर्जा ०.०४३. १२३७.५ घेतला तर ०.०३५. सुरुवातीच्या आकड्यांत अर्ध्या टक्क्याचाही फरक नव्हता, वजाबाकीनंतर तो वीस टक्क्यांच्या पुढे गेला. दोन जवळच्या संख्यांची वजाबाकी केली की असंच होतं.

यातून दोन सवयी लावून घ्या. प्रश्नपत्रिकेत स्थिरांक दिले असतील तर तेच वापरा, पाठ केलेले नाही. आणि वजाबाकी होईपर्यंत आकडे कापू नका, किमान चार सार्थ अंक ठेवा. शेवटच्या ओळीत कापा.

एक गणित, दोन वाटांनी

पोटॅशियमचं वर्क फंक्शन २.३० इलेक्ट्रॉन व्होल्ट धरू. त्यावर ४०० नॅनोमीटरचा प्रकाश पडला. इलेक्ट्रॉनची जास्तीत जास्त गतिज ऊर्जा ज्यूलमध्ये काढा.

ज्यूलची वाट आधी. तरंगलांबी मीटरमध्ये आणली: ४.०० × १०⁻⁷ मीटर. प्लांकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाचा वेग हा गुणाकार १.९८६ × १०⁻²⁵ ज्यूल मीटर, त्याला तरंगलांबीने भागलं की ४.९६६ × १०⁻¹⁹ ज्यूल. वर्क फंक्शन: २.३० × १.६०२ × १०⁻¹⁹ = ३.६८५ × १०⁻¹⁹ ज्यूल. वजाबाकी १.२८ × १०⁻¹⁹ ज्यूल.

आता इलेक्ट्रॉन व्होल्टची वाट. १२४० ÷ ४०० = ३.१०. त्यातून २.३० गेले, राहिले ०.८०. गुणिले १.६०२ × १०⁻¹⁹, म्हणजे १.२८ × १०⁻¹⁹ ज्यूल.

दुसऱ्या वाटेवर घातांक फक्त शेवटी एकदाच आला. म्हणून माझा आग्रह असतो की कणामागची गणितं इलेक्ट्रॉन व्होल्टमध्येच सोडवावीत आणि ज्यूल मागितले असतील तर अखेरीस एकदाच रूपांतर करावं. घातांकांची वजाबाकी जितक्या वेळा कराल तितक्या वेळा चुकायची संधी. लेखी परीक्षेत मात्र पायऱ्यांना गुण असतात, तिथे १२४० हा आकडा कशाचा गुणाकार आहे ती ओळ लिहायची.

याच गणिताचे उपप्रश्न. थ्रेशोल्ड तरंगलांबी (इलेक्ट्रॉन जेमतेम बाहेर काढू शकणारी, सर्वांत मोठी तरंगलांबी): १२४० ÷ २.३० = ५३९ नॅनोमीटर. थ्रेशोल्ड वारंवारता हवी असेल तर प्लांकचा स्थिरांक इलेक्ट्रॉन व्होल्ट सेकंदात, ४.१३६ × १०⁻¹⁵, असा घ्या: २.३० ला त्याने भागलं की ५.५६ × १०¹⁴ हर्ट्झ. स्टॉपिंग पोटेंशियलला (सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉनही थोपवायला लागणारा उलटा विद्युतदाब) तर काहीच करायला नको. गतिज ऊर्जा ०.८० इलेक्ट्रॉन व्होल्ट, तर स्टॉपिंग पोटेंशियल ०.८० व्होल्ट, तोच आकडा. ज्यूलमध्ये काम करणाऱ्याला इथे पुन्हा १.६०२ × १०⁻¹⁹ ने भागावं लागतं.

वेग काढताना मात्र ज्यूलला पर्याय नाही. वस्तुमान किलोग्रॅममध्ये आणि वेग मीटर प्रति सेकंदात असला की ऊर्जा ज्यूलमध्येच हवी. ०.८० हा आकडा तसाच सूत्रात घालून वर्गमूळ काढलं तर इलेक्ट्रॉन प्रकाशापेक्षा लाखो पट वेगाने धावताना दिसेल, आणि तिथेच चूक पकडता यायला हवी. बरोबर उत्तर: २ × १.२८ × १०⁻¹⁹ ला ९.१०९ × १०⁻³¹ ने भागून वर्गमूळ, ५.३ × १०⁵ मीटर प्रति सेकंद. पडताळणीसाठी एक सोय आहे: १ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनचा वेग ५.९३ × १०⁵ मीटर प्रति सेकंद असतो. बाकी ऊर्जांसाठी त्याला इलेक्ट्रॉन व्होल्टमधल्या आकड्याच्या वर्गमूळाने गुणायचं. ०.८० चं वर्गमूळ ०.८९४, गुणाकार ५.३० × १०⁵. जुळलं.

मोलचं गणित

आता रसायनशास्त्राचा खास प्रश्न. एका धातूच्या पृष्ठभागावरून एक मोल इलेक्ट्रॉन बाहेर काढायला किमान २२० किलोज्यूल लागतात. ३५० नॅनोमीटरचा प्रकाश टाकला तर एका इलेक्ट्रॉनची जास्तीत जास्त गतिज ऊर्जा किती?

इथे घाईत असं होतं: फोटॉनची ऊर्जा ५.६८ × १०⁻¹⁹ ज्यूल काढली जाते, आणि पुढची ओळ लिहिताना समोर २२० उभा असतो. मग काही जण २२० ला ६.०२२ × १०²³ ने भागून ३.६५ × १०⁻²² लिहितात आणि त्याला ज्यूल म्हणतात. ते किलोज्यूल आहेत. या चुकीच्या आकड्याचे इलेक्ट्रॉन व्होल्ट केले तर ०.००२३ येतात. इतकं वर्क फंक्शन खरं असतं तर अर्ध्या मिलिमीटरची लहरही त्या धातूतून इलेक्ट्रॉन उपटून काढू शकली असती. असा धातू नसतो. धातूंची वर्क फंक्शन साधारण २ ते ६ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या दरम्यान असतात: सीझियम खालच्या टोकाला, प्लॅटिनम वरच्या. या पट्ट्याबाहेर उत्तर गेलं की मागे वळून हजार शोधा.

नीट करू. २२० किलोज्यूल म्हणजे २.२० × १०⁵ ज्यूल, भागिले ६.०२२ × १०²³, म्हणजे ३.६५३ × १०⁻¹⁹ ज्यूल प्रति इलेक्ट्रॉन. फोटॉनची ऊर्जा ५.६७६ × १०⁻¹⁹. वजाबाकी २.०२ × १०⁻¹⁹ ज्यूल.

यापेक्षा चांगली वाट म्हणजे सगळंच मोलमध्ये करायचं आणि शेवटी एकदाच कणाकडे यायचं. १,१९,६२७ ÷ ३५० = ३४१.८ किलोज्यूल प्रति मोल फोटॉन. वजा २२०, राहिले १२१.८ किलोज्यूल प्रति मोल. भागिले ९६.४८५, म्हणजे १.२६ इलेक्ट्रॉन व्होल्ट. स्टॉपिंग पोटेंशियल १.२६ व्होल्ट. ज्यूल हवे असतील तर १.२६२ × १.६०२ × १०⁻¹⁹ = २.०२ × १०⁻¹⁹. थ्रेशोल्ड तरंगलांबी १,१९,६२७ ÷ २२० = ५४४ नॅनोमीटर.

मोलमध्ये वजाबाकी चालते, कारण एक फोटॉन एकाच इलेक्ट्रॉनला बाहेर काढतो असं आपण मानतो. एक मोल फोटॉनसमोर एक मोल इलेक्ट्रॉन. हा एकास एक हिशेब हेच आइन्स्टाइनच्या कल्पनेचं मर्म आहे.

इथेच एक सावधगिरी. पहिली आयनीकरण ऊर्जाही किलोज्यूल प्रति मोलमध्ये देतात आणि तीही इलेक्ट्रॉन काढण्याचीच ऊर्जा असते. पण ती वायुरूपातल्या सुट्या अणूची. सोडियमची आयनीकरण ऊर्जा ४९६ किलोज्यूल प्रति मोल, म्हणजे ५.१४ इलेक्ट्रॉन व्होल्ट. घन सोडियम धातूचं वर्क फंक्शन साधारण २.३, निम्म्याहूनही कमी. आयनीकरण ऊर्जा सूत्रात घातली तर थ्रेशोल्ड २४१ नॅनोमीटर निघेल, अतिनील पट्ट्यात. खरं तर हिरव्या प्रकाशाच्या आसपासच सोडियममधून इलेक्ट्रॉन सुटायला लागतात. प्रश्नात ‘पृष्ठभागावरून’ असं आहे की ‘वायुरूप अणूपासून’, ते शब्द वाचा.

आलेखावरून प्लांकचा स्थिरांक

वेगवेगळ्या वारंवारतांना स्टॉपिंग पोटेंशियल मोजून आलेख काढला की सरळ रेषा येते. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ मिलिकनने काही वर्षं खपून हेच केलं. हवेने पृष्ठभाग खराब होऊ नये म्हणून निर्वात नळीच्या आतच सोडियम, पोटॅशियम, लिथियम यांचे पृष्ठभाग सुरीने तासण्याची सोय त्याने केली होती. १९१६ मध्ये त्याने प्लांकच्या स्थिरांकाची किंमत दिली ६.५७ × १०⁻²⁷, पण अर्ग सेकंदात. एक अर्ग म्हणजे १०⁻⁷ ज्यूल, म्हणजे आपल्या एककात ६.५७ × १०⁻³⁴. आजच्या किमतीपासून एक टक्क्याच्या आत. जुन्या पुस्तकात १०⁻²⁷ दिसला तर छपाईची चूक समजू नका.

या प्रकारच्या गणितात रेषेचा चढ व्होल्ट सेकंदात येतो. ४०० नॅनोमीटरला ०.८० व्होल्ट आणि ३०० नॅनोमीटरला १.८३ व्होल्ट मोजले असं समजा. वारंवारता ७.४९५ × १०¹⁴ आणि ९.९९३ × १०¹⁴ हर्ट्झ. चढ = १.०३ ÷ २.४९८ × १०¹⁴ = ४.१२ × १०⁻¹⁵ व्होल्ट सेकंद. हाच इलेक्ट्रॉन व्होल्ट सेकंदातला प्लांकचा स्थिरांक. ज्यूल सेकंद हवे तर १.६०२ × १०⁻¹⁹ ने गुणा: ६.६ × १०⁻³⁴. गुणायचं राहिलं तर उत्तर १०⁻¹⁵ वर अडकतं आणि पर्यायांत कुठेच सापडत नाही.

बाकीची एककं

अँगस्ट्रॉम असेल तर दहाने भागून नॅनोमीटर करा. तरंगसंख्या (एका सेंटिमीटरात किती तरंगलांब्या बसतात तो आकडा) प्रति सेंटिमीटरमध्ये असेल तर १ इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणजे ८०६५.५ प्रति सेंटिमीटर. २५,००० प्रति सेंटिमीटर म्हणजे ३.१० इलेक्ट्रॉन व्होल्ट, तेच आपलं ४०० नॅनोमीटर. किलोकॅलरी प्रति मोल असेल तर १ इलेक्ट्रॉन व्होल्टला २३.०६, कारण १ किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल.

वॉट आला की प्रश्न फोटॉनच्या संख्येचा असतो. ५ मिलिवॉटचा ४०५ नॅनोमीटरचा लेझर सेकंदाला ०.००५ ज्यूल देतो. एका फोटॉनचे ४.९०५ × १०⁻¹⁹ ज्यूल, म्हणून सेकंदाला १.०२ × १०¹⁶ फोटॉन. इथे वॉट ज्यूलमध्ये असल्यामुळे फोटॉनची ऊर्जाही ज्यूलमध्येच घ्यायची. प्रत्येक फोटॉनने एक इलेक्ट्रॉन काढला असं धरलं तर प्रवाह १.६३ मिलिअँपिअर. प्रत्यक्ष धातूत त्याचा फार थोडा भाग मिळतो, कारण बरेचसे फोटॉन परावर्तित होतात किंवा आत खोलवर शोषले जातात.

उत्तर पटण्यासारखं आहे का?

दृश्य प्रकाशाचा पट्टा तिन्ही एककांत ओळखीचा असू द्या. ७५० ते ३८० नॅनोमीटर म्हणजे १.६५ ते ३.२६ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे २.६ × १०⁻¹⁹ ते ५.२ × १०⁻¹⁹ ज्यूल, म्हणजे साधारण १६० ते ३१५ किलोज्यूल प्रति मोल. दृश्य प्रकाशाच्या फोटॉनचं उत्तर याबाहेर गेलं की एकक चुकलंय. आणि गतिज ऊर्जा ऋण आली तर गणित चुकलंच असं नाही. आधी एककं तपासा. ती बरोबर असतील तर अर्थ एवढाच की त्या प्रकाशाने इलेक्ट्रॉन बाहेर पडणारच नाहीत, आणि तेच उत्तर लिहायचं. प्रकाशाची तीव्रता वाढवूनही फरक पडत नाही.

सरावासाठी तीन

१. जस्ताचं वर्क फंक्शन ४.३० इलेक्ट्रॉन व्होल्ट धरा. पाऱ्याच्या दिव्यातला २५४ नॅनोमीटरचा प्रकाश आणि ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश वेगवेगळे टाकले. प्रत्येक वेळी गतिज ऊर्जा किलोज्यूल प्रति मोलमध्ये किती?

२. एका धातूची थ्रेशोल्ड तरंगलांबी ५०० नॅनोमीटर आहे. वर्क फंक्शन इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये आणि किलोज्यूल प्रति मोलमध्ये काढा.

३. वर्क फंक्शन ५५ किलोकॅलरी प्रति मोल, प्रकाशाची तरंगसंख्या ३०,००० प्रति सेंटिमीटर. स्टॉपिंग पोटेंशियल आणि इलेक्ट्रॉनचा वेग काढा.

उत्तरं: १. २५४ ला ०.५८ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे ५६ किलोज्यूल प्रति मोल. ३६५ च्या फोटॉनकडे ३.४० इलेक्ट्रॉन व्होल्टच आहेत, इलेक्ट्रॉन बाहेर पडणार नाहीत. २. २.४८ इलेक्ट्रॉन व्होल्ट, २३९ किलोज्यूल प्रति मोल. ३. फोटॉन ३.७२, वर्क फंक्शन २.३९ इलेक्ट्रॉन व्होल्ट. स्टॉपिंग पोटेंशियल १.३३ व्होल्ट, वेग ६.८५ × १०⁵ मीटर प्रति सेकंद.